डावी बाजू वर

"ताई, ब्लाउज शिवता का?" असं विचारत दारात उभ्या राहणाऱ्या बायका अजून येतात. आतून मशीनचा आवाज येतो, त्यांचा तरी काय दोष! मी सांगते, नाही बाई, मी मार खायचे कपडे शिवते. काही हसतात, काही माझ्याकडे संशयानं बघत पुढच्या गल्लीत जातात. पण त्यात खोटं काहीच नाही. सुरतेत लिंबायतला बसून सव्वीस वर्षं मी कराटेचे पोशाख शिवतेय. पांढरा अंगरखा, पांढरी विजार, कमरेला पट्टा. ज्यानं कधी मार खाल्ला नाही त्याला माझ्या शिलाईची किंमत कळत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

हे काम माझ्याकडे आलं ते देवरे सरांमुळे. सर बँकेत कॅशियर. मूळचे आमच्याच शिरपूरकडचे. संध्याकाळी महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये कराटे शिकवायचे. तेव्हा माझे मिस्टर कडोदऱ्याला लूमवर होते आणि मी घरी साड्यांना फॉल-पिको करायची. एक दिवस सर एक फाटकी विजार घेऊन आले. मांडीत फाटली होती. मी शिवून दिली. आठ दिवसांनी तीच विजार तिथंच फाटून परत. पुन्हा शिवली, पुन्हा फाटली. तिसऱ्या वेळी माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, तुमची पोरं करतात तरी काय हिच्यात?"

सर म्हणाले, "येऊन बघा."

मी गेले, भिंतीशी उभी राहिले, पोरांना लाथा मारताना बघितलं. कळलं काहीच नाही. सर म्हणाले, "बघून नाही कळायचं, विमलताई. करून बघावं लागतं." झालं! चौतीस वर्षांची बाई, पदरी दोन लेकरं, पंजाबी ड्रेस घालून पोराटोरांच्या रांगेत उभी राहिले. अख्ख्या गल्लीत बोभाटा झाला की विमलबाई नवऱ्याला हाणायला शिकतेय. मिस्टरांना कुणीतरी कारखान्यात विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "शिकू द्या, मला पळता येतं."

पण मला कापड कळलं. लाथ मारताना ओढ मांडीच्या शिवणीवर येत नाही, ती दोन्ही शिवणी मिळतात त्या चौकात येते. तिथं एक वेगळा चौकोनी तुकडा लावला की विजार फाटत नाही. काखेतही तसंच. गळपट्टी जाड हवी, कारण समोरचा तिलाच धरून ओढतो, म्हणून तिच्यावर मी शिलाईच्या पाच ओळी घालते. बाजारातल्या तयार मालावर तीन असतात. त्या जास्तीच्या दोन ओळींचा मला भारी गर्व होता. पुढं त्याच ओळींनी माझी कशी जिरवली ते येईलच.

आणि कापड सुतीच. सुरतेत साडीच्या कापडाचे ढीग पडलेत, पण ते सगळं पॉलिस्टर. त्याला घाम म्हणजे काय ते माहीत नाही. जाड सुती कापडासाठी मी बाहेरगावी हिंडायची. तेही साध्या विणीचं, दोन्ही बाजू सारख्या असलेलं. का, तर बाह्या झिजल्या की उलटवून लावता येतात. गरिबाच्या पोराचा पोशाख त्यामुळे दोन वर्षं जास्त चालतो.

माझा स्वतःचा पहिला पोशाख मी हौसेनं शिवला आणि घालून हॉलमध्ये गेले. सरांनी दारातच अडवलं. "बाहेर जा, नीट घालून या." माझा चेहरा पडला. काय चुकलं तेच कळेना. सर म्हणाले, "उजवी बाजू वर आहे. डावी वर पाहिजे. हा पोशाख ज्या देशातून आला तिथं उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाची असते." मला ते झटकन पटलं. आपल्याकडेही मर्तिकाला सगळं उलटंच करतात, जानवंसुद्धा उलट्या खांद्यावर घेतात. मी बाहेर जाऊन डावी बाजू वर घेतली, गाठ मारली, आत आले आणि वाकून नमस्कार केला. त्या दिवसानंतर माझ्या हातून ती चूक कधी होणार नाही असं मला वाटलं होतं.

सरांचा दुसरा नियम पट्ट्याचा. पट्टे मीच शिवते, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. पण रंगीत पट्टा मी विकत नाही. तो सरांच्या हाती जातो आणि परीक्षा पास झालेल्याला सर देतात. यावरून गिऱ्हाइकांशी माझी किती भांडणं झालीत! एकदा हिऱ्याच्या धंद्यातले एक सेठ मोटारीतून उतरले. सात वर्षांच्या मुलाचा वाढदिवस होता आणि त्यांना काळा पट्टा हवा होता. मी विचारलं, "मुलगा कुठं शिकतो?"

म्हणाले, "अजून नाही, पण शिकणार आहे ना! वाढदिवसाला घालेल, फोटो काढू."

मी म्हटलं, "सेठ, तो घालून तो शाळेत जाईल, कुणीतरी खरंच अंगावर येईल, आणि मार तुमचं पोर खाईल. पांढरा देते. तो पहिल्या दिवशी कुणालाही मिळतो." सेठ फणकारले, पण पांढरा घेऊन गेले. मुलगा पुढं खरंच आला शिकायला. दीड वर्ष टिकला, तेही काही कमी नाही.

आता पार्थची गोष्ट सांगते, म्हणजे खरं तर माझ्या चुकीची. पार्थ पाटील सरांचाच जुना विद्यार्थी. लहान होता तेव्हा त्याच्या विजारीची लांबी मी तीनदा वाढवली होती. आता छत्तीस वर्षांचा. इच्छापोरला कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. दोन वर्षांपूर्वी तो आला आणि म्हणाला, "मावशी, नोकरी सोडली."

"का रे बाबा? कुणी काढलं?"

"नाही हो. ब्रँड काढतोय. गेम खेळणाऱ्यांसाठी."

मला वाटलं मोबाइलवर पोरं खेळतात ते. तो म्हणाला, पोरं नाही, मोठी माणसं. बँकेतले, दवाखान्यातले, मिलच्या ऑफिसातले, तिशी-चाळिशीचे लोक. दिवसभर काम करतात आणि संध्याकाळी तासभर कॉम्प्युटरवर खेळतात. आणि त्याची त्यांना लाज वाटते. बायको म्हणते पोरासारखं काय करता, आई म्हणते डोळे जातील. "आणि मावशी, त्यात थोडं खरंही आहे. आम्ही वाकडे बसतो, जेवायचं विसरतो, हरलो की समोरच्याला आईबहिणीवरून शिव्या देतो. मी पण देत होतो. एक दिवस माझ्या मुलीनं ऐकलं."

मग म्हणाला, "सरांच्या हॉलमध्ये आपण मार खाऊन वर नमस्कार करायचो. तिथं असं कधी झालं नाही. तेव्हा वाटलं, खेळ तोच आहे, रीत सोडलीय आम्ही."

त्याची कल्पना अशी. एक जॅकेट, कराटेच्या अंगरख्यासारखं, डावी बाजू उजवीवर येणारं, कडेला दोरी. खेळायला बसायच्या आधी ते घालायचं, दोरी बांधायची, पडद्यापुढं मान झुकवायची. दोरी बांधलेली आहे तोवर खेळ. सोडली की खेळ संपला, मग एक डावसुद्धा नाही. बाह्या आखूड, म्हणजे मनगट टेबलावर अडकत नाही. गळपट्टी जाड, म्हणजे मान पुढं गेली की ती टोचते आणि माणूस सरळ बसतो. शिवाय हातपाय मोकळे करायच्या चार हालचाली, सरांकडून घेतलेल्या, एका कार्डावर छापलेल्या. जॅकेटच्या आत मानेजवळ एक पट्टी, तिच्यावर सरांचं वाक्य. हालचाल चुकली की सर म्हणायचे, झाकायला जाऊ नका. थांबा, वाका, पहिल्यापासून करा. पार्थनं ते तीन शब्दांत बसवलं: "थांब. वाक. पुन्हा."

ब्रँडचं नाव मी इथं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला! पण मला ते आवडलं, हे कबूल करते. आयुष्यभर मार खाणाऱ्यांचे कपडे शिवले, आता खुर्चीत बसून मार खाणाऱ्यांचे शिवायचे.

पहिल्याच बैठकीत आमचं वाजलं. पार्थला महागातल्या जॅकेटबरोबर काळा पट्टा द्यायचा होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, "ऊठ. निघ." तो हसला. मी हसले नाही. मग तोही उठला.

तीन आठवड्यांनी परत आला. सरांकडे जाऊन आला होता. सर काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाला, "मावशी, सगळ्यांना पांढरी दोरी. एकच किंमत, एकच दोरी. काळी कुणालाच नाही. जास्त खेळेल त्याची जास्त मळेल."

"आता बस," मी म्हटलं, "चहा घे."

पुरुषांची जॅकेटं आधी केली. चांगली गेली. मग बायकांच्या ऑर्डरची वेळ आली. एकशे वीस नग. मला आधी खोटंच वाटलं की बायका खेळतात म्हणून. तर मापाला एक रेवाबेन आल्या. पंचेचाळिशीच्या, स्वतःचं औषधाचं दुकान, घरी सासूसासरे. संध्याकाळी दुकान नोकरावर सोपवून मागच्या खोलीत तासभर बंदुकीचा गेम खेळतात. घरच्यांना सांगतात, हिशेब बघतेय. मी त्यांना पुरुषाचंच एक लहान मापाचं जॅकेट घालून बघायला दिलं. त्यांनी दोरी बांधली, आरशात बघितलं, पाठ ताठ केली आणि म्हणाल्या, "बेन, आता मी सांगणार. खेळते म्हणून सांगणार. चोरी थोडीच करते?" मला एकदम हॉलच्या भिंतीशी उभी असलेली चौतीस वर्षांची मी आठवले. मी त्यांचा हात हातात घेतला.

रविवारी या बायकांचा मेळावा ठरला होता. पार्थनं हॉल घेतला होता, एकशे वीस जणी येणार, सगळ्यांना जॅकेट तिथंच मिळणार. पार्थचं पुढचं सगळं त्यावर होतं. त्या दिवशी माल नीट उतरला तर ब्रँड उभा राहणार, नाहीतर त्याला पुन्हा इच्छापोरला जाऊन नोकरी मागायची होती. ते त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं.

माल गुरुवारी सकाळी तयार झाला. घड्या घालून, पिशव्यांत भरून. माझी सून संगीता नमुन्याचं जॅकेट अंगावर घालून चहा घेऊन आली, सहज, गंमत म्हणून. मी कप घेतला, वर बघितलं आणि कप हातातच राहिला.

तिची उजवी बाजू वर होती.

"काय हुई गयं, आत्याबाई?" संगीतानं विचारलं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो.

"हाई उलटं शे," मी म्हटलं. "सगळंच उलटं शे."

चूक कशी झाली ते सांगते, म्हणजे हे काम न करणाऱ्यांनाही कळेल. शिवणकामात पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू वर येते आणि बाईच्या शर्टाची उजवी. दुनियाभरचा नियम आहे, कुठलाही कटिंग करणारा झोपेत पाळतो. कराटेत मात्र बाई-पुरुष भेद नाही, दोघांची डावीच वर. सव्वीस वर्षं माझ्या कागदावर कधी 'लेडीज' हा शब्दच नव्हता, फक्त माप असायचं. पार्थच्या ऑर्डरीवर पहिल्यांदा 'लेडीज' लिहून आलं, आणि माझ्या हातानं लेडीजचं कापलं. फर्मा मीच काढला, कात्री मीच चालवली. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. आणि कराटेच्या अंगरख्यासारखं हे नुसतं उलटं गुंडाळून भागत नव्हतं; वरची बाजू रुंद, आतली अरुंद आणि दोरी एकाच कडेला.

बरं, नमुना तपासला होता का? तपासला होता! एरवी पहिला नग मी स्वतः घालते, हात फिरवते, लाथ मारून बघते. या वेळी माप संगीताचं होतं म्हणून तिला घालायला लावला. ती आरशापुढं उभी, मी तिच्या मागं. मी आरशात बघितलं. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे उलटं जॅकेट मला अगदी सुलटं दिसलं आणि मी पास करून टाकलं. मोठी आली तपासणारी!

मी खाली बसले. खरं सांगायचं तर पहिला विचार काय आला? की कुणाला कळणार आहे. त्या एकशे वीस जणींतल्या एकीलाही डावी-उजवी माहीत नव्हती. पार्थ रोज येत होता, त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे, नजर कमी झालेली. मी गप्प बसले असते तर तो माल रविवारी गेला असता, टाळ्या पडल्या असत्या. पाच मिनिटं मी तो विचार केला. पूर्ण पाच मिनिटं. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते.

मग मला रेवाबेन दिसल्या, आरशापुढं पाठ ताठ करणाऱ्या. आणि संताप आला, स्वतःचाच. पुरुषांना जिवंत माणसाचा पोशाख आणि बायकांना मढ्याचा! एक बाई आयुष्यात पहिल्यांदा म्हणते की मी खेळते, आणि मी तिला तिरडीवरचं घालून पाठवते? सेठला पट्ट्यावरून शिकवण देणारी मी, पार्थला चहावरून उठवणारी मी! मी फोन उचलला.

पार्थ अर्ध्या तासात आला. मी त्याला संगीताच्या समोर उभं केलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, तो सरांचा विद्यार्थी. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. खुर्चीत बसला, कपाळ धरलं. मग हळूच म्हणाला, गुजरातीत, जसा तो घाबरला की बोलतो, "मासी, कोने खबर पडवानी छे?" कुणाला कळणार आहे?

माझ्याच मनातलं वाक्य त्याच्या तोंडून आलं. म्हणून तर मला उत्तर तयार होतं. मी एक पिशवी फाडली, जॅकेट काढलं, मानेजवळची पट्टी उलटी केली आणि त्याच्या हातात दिलं.

"वाच."

"मावशी, मला पाठ आहे ते."

"पाठ आहे ना? मोठ्यानं वाच."

"थांब. वाक. पुन्हा," तो म्हणाला.

"हे तू छापलंस. मी शिवलं. एकशे वीस वेळा शिवलं. आता हे खोटं असेल तर आत्ताच सांग, मी सगळ्या पट्ट्या उसवून देते. ते काम सोपं आहे."

त्यानं त्या पट्टीवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "रविवारपर्यंत नवं कापड कुठून आणणार?"

आणि तेव्हा मला सुचलं. नवं कापड लागणारच नव्हतं! मी अडून बसून साध्या विणीचं, दोन्ही बाजू सारखं असलेलं कापड घेतलं होतं. पार्थला चकचकीत हवं होतं, एका बाजूनं झळाळी असलेलं, त्यावरूनही आम्ही भांडलो होतो. माझ्या कापडाला सुलटी बाजू नाही आणि उलटी बाजू नाही. म्हणजे पुढचे दोन्ही भाग उसवायचे, पालथे घालायचे आणि जागा बदलून लावायचे. उजवीकडचा डावीकडे, डावीकडचा उजवीकडे. आतला खिसा आणि दोरी तेवढी नव्यानं लावायची. मी ताडकन उठले, एक नग उसवला आणि दुपारच्या आत करून दाखवला. शिवणीच्या जुन्या भोकांवर इस्त्री फिरवली की ती बुजतात.

शिवायला माझ्याकडे पाच मशीन आणि त्यांवर बसणाऱ्या मुली होत्या, शिवणं होणार होतं. प्रश्न उसवण्याचा होता. आणि तिथं माझ्या त्या पाच ओळी आडव्या आल्या. गळपट्टी काढल्याशिवाय पुढचा भाग सुटत नाही आणि गळपट्टीवर पाच ओळी, बारीक टाक्याच्या. तीन असत्या तर निम्म्या वेळात झालं असतं. संगीता पहिल्या तासात दोन उसवून माझ्याकडे अशी बघत होती की मी नजर चुकवली.

पार्थ म्हणाला, "माणसं मी आणतो."

"कुठली?"

"खेळणारी."

शुक्रवारी सकाळी आठला माझ्या दारात चपला-बुटांचा ढीग. बँकेतले दोघं रजा टाकून, एक दातांचे डॉक्टर, मिलच्या लॅबमधला रंगाचा केमिस्ट, असे अकरा जण. आणि रेवाबेन, दुकानाला चक्क कुलूप लावून आलेल्या. मी एकेकाला सांगितलं की काय चुकलंय, कुणाच्या हातून चुकलंय आणि उजवी बाजू वर म्हणजे काय. लपवायचं नाही असं ठरवलं होतं, तर पूर्णच सांगायचं. रेवाबेननी छातीवर हात ठेवला. "हाय हाय बेन, मला मारूनच टाकत होता की!" सगळे हसले. मला हसू आलं नाही, पण छातीवरचा दगड थोडा हलला.

सगळे सतरंजीवर बसले. मी टाके तोडायची टोकदार उसवणी एकेकाच्या हातात दिली, टाक्याच्या कुठल्या बाजूनं घालायची ते दाखवलं. काय बोटं चालतात हो या लोकांची! वर्षानुवर्षं बटणं दाबून तयार झालेली बोटं. डॉक्टर तर ओळच्या ओळ सर्रकन मोकळी करायचे. पण तासाभरानं सगळे पुढं वाकले, माना लटकल्या. पार्थ उठला आणि हॉलमध्ये सर म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणाला, "यामे!" म्हणजे थांबा. सगळ्यांनी उसवण्या खाली ठेवल्या, उभे राहिले, कार्डावरच्या चार हालचाली केल्या, वाकले, पुन्हा बसले. दर तासाला. ते कार्ड छापलं तेव्हा मला वाटलं होतं, शोभेचं आहे. त्या दिवशी माझी स्वतःची पाठ त्यानं वाचवली. दोन वेळा कुणीतरी कापडच फाडलं. एकानं लपवून गठ्ठ्याखाली सरकवायला घेतलं, मग स्वतःच हात वर केला आणि म्हणाला, "मावशी, हे माझ्याकडून." मी म्हटलं, "दाखव, तुकडा लावू." बस, एवढंच.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी दिवे लागायच्या वेळेला शेवटचा नग माझ्या मशीनवरून उतरला. या वेळी मी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. प्रत्येक जॅकेट संगीतानं अंगावर घातलं आणि मी समोर उभी राहून बघितलं. एकेक करून, सगळीच्या सगळी.

रविवारी मेळावा झाला. सर आले, गुडघ्यामुळे काठी घेऊन. एकशे एकोणीस बायकांनी जॅकेटं घातली, दोरी बांधली आणि वाकून नमस्कार केला. सर रांगेसमोरून चालत गेले, हळूहळू, प्रत्येकीच्या गळपट्टीकडे बघत. नजर कमी झालीय म्हणे! माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हटलं, "सर, माझ्या हातून..."

"पार्थनं सांगितलं," सर म्हणाले. मग म्हणाले, "विमलताई, तुमची काळ्या पट्ट्याची परीक्षा राहिली आहे."

राहिली होती खरी. बारा वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवशी मोठी ऑर्डर होती, मी काम घेतलं आणि परीक्षा सोडली. तपकिरी पट्ट्यावर अडकले ती अडकलेच. दुसऱ्यांसाठी शेकड्यांनी काळे पट्टे शिवले, स्वतःसाठी एक नाही. सांगत कुणाला नाही, पण डाचतं. मी म्हटलं, "सर, आता साठी आली. गुडघे बोलतात."

"माझेही बोलतात. मी बसून घेईन परीक्षा, तुम्ही उभ्या राहा."

तर आता रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी अर्धा तास सराव करते. गल्लीतल्या बायका पुन्हा हसतात. हसू दे.

तुम्ही हिशेबी असाल तर विचाराल, एकशे वीस शिवली आणि एकशे एकोणीस कशी? एकीनं ऐनवेळी, शनिवारी सकाळी, येणं रद्द केलं होतं. तिचा नग मी उसवला नाही. तसाच ठेवला, उजवी बाजू वर. कामाच्या टेबलासमोर खिळ्याला टांगलाय. नवीन मुलगी कामाला आली की तो दाखवते आणि कुणाच्या हातचा आहे तेही सांगते. परवा संगीता झाडताना म्हणाली, "आत्याबाई, काढून टाकू का हे? अपशकुनी वाटतं."

मी म्हटलं, "राहू दे. माझ्याच मापाचा आहे. मी गेले की मला तो घाल. त्या दिवशी तो बरोबर असेल."

संगीता भडकली. झाडू टाकून आत निघून गेली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी टेबलावर नवीन थान पसरलं. पार्थची पुढची ऑर्डर आली होती, तीनशे नगांची, आणि या वेळी कागदावर 'लेडीज' नव्हतं, 'जेंट्स' नव्हतं, नुसती मापं होती. मी खडू घेतला आणि कापडावर सगळ्यात आधी तेच लिहिलं जे आता दर वेळी लिहिते: डावी बाजू वर.